दीर्घिकांचा जमाखर्च

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या पेढीवर अजूनही वहीची पूजा होते. हिशेब संगणकावर जाऊन बरीच वर्षे झाली, तरी लाल बांधणीची एक वही आणली जाते, पहिल्या पानावर 'श्री' लिहिले जाते, वर हळदकुंकू आणि झेंडूचे फूल. नारायणगावच्या बाजारात एका अडत्याकडे मी गेली सत्तावीस वर्षे हिशेब लिहितो. आज टोमॅटोची आवक किती झाली, माल कोणी उचलला, हमाली-तोलाई वजा जाता शेतकऱ्याची पट्टी किती निघाली, हे माझे काम. शिक्षण वाणिज्य शाखेचे, तेही बाहेरून परीक्षा देऊन. खगोलशास्त्र मला कोणी शिकवलेले नाही. खोडदच्या रस्त्याला लागले की शेतांच्या वर दिसणाऱ्या रेडिओ दुर्बिणीच्या जाळीदार तबकड्यांनी ते शिकायची खोड लावली, आणि शब्दकोश शेजारी ठेवून पुस्तके वाचता वाचता पंचविशी उलटली.

काही वर्षांपूर्वी तालुक्यातल्या एका शाळेत 'आपली आकाशगंगा' या विषयावर बोलायला मला बोलावले होते. मी सांगितले की फार पूर्वी वायूचा एक अवाढव्य ढग होता, तो स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने आकसला, फिरू लागला, चपटा झाला आणि त्यातून हजारो कोटी तारे जन्मले. टाळ्या झाल्या. मग नववीतल्या एका मुलीने हात वर केला. "सर, एवढे तारे झाल्यावर ढग किती उरला? आणि तो संपला की नवे तारे कशाचे होणार?"

"अजून भरपूर आहे," असे म्हणून मी वेळ मारून नेली. परतताना गाडीवर माझी मलाच लाज वाटली. दिवसभर पैशापैशाचा मेळ घालणारा माणूस मी, आणि 'भरपूर' हा काही आकडा नव्हे. त्या मुलीला द्यायचे राहून गेलेले उत्तर मी पुढची काही वर्षे शोधत राहिलो. हा लेख म्हणजे ते उत्तर आहे.

आकाशगंगा आणि दीर्घिका

आधी शब्दांचा घोळ मिटवू. काळोख्या रात्री डोक्यावरून जाणारा दुधाळ पट्टा दिसतो, ती आपली आकाशगंगा. हे विशेषनाम आहे. तिच्यासारख्या इतर असंख्य तारकासमूहांसाठी मराठीत 'दीर्घिका' हा शब्द रुळला आहे. संस्कृतात दीर्घिका म्हणजे लांबट तळे किंवा विहीर. हा शब्द ज्यांनी निवडला त्यांच्या मनात बहुधा आकार असावा. पण तो अर्थानेही किती नेमका बसतो, हे लेखाच्या शेवटी पुन्हा पाहू.

आकाशगंगेबाहेर दुसऱ्या दीर्घिका आहेत, हेच मुळी माणसाला शंभर वर्षांपूर्वीपर्यंत ठाऊक नव्हते. १९२० साली वॉशिंग्टनमध्ये हार्लो शॅपली आणि हेबर कर्टिस या दोन खगोलशास्त्रज्ञांचा याच मुद्द्यावर जाहीर वाद झाला. देवयानी तारकासमूहात दिसणारा धूसर ठिपका आपल्या आकाशगंगेतलाच वायूचा ढग आहे, की बाहेरची स्वतंत्र दुनिया? वाद तेव्हा मिटला नाही. १९२३च्या ऑक्टोबरात माउंट विल्सन वेधशाळेच्या शंभर इंची दुर्बिणीतून एडविन हबलने त्या ठिपक्यात एक विशिष्ट तारा टिपला. त्याचा प्रकाश ठरावीक दिवसांनी कमीजास्त होत होता. अशा ताऱ्यांचा काळ आणि त्यांची खरी तेजस्विता यांचे नाते हेन्रिएटा लेव्हिट या बाईंनी १९१२ साली मांडून ठेवले होते. त्या नात्यावरून हबलने अंतर काढले, आणि ते आकाशगंगेच्या पार बाहेरचे निघाले. आजच्या मोजमापानुसार देवयानी दीर्घिका सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर आहे.

माल कोणता?

कोणत्याही हिशेबात पहिला प्रश्न मालाचा. दीर्घिका कशाची बनलेली आहे? ताऱ्यांची, हे उत्तर अपुरे आहे. मग तारे कशाचे? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बहुतेकांची समजूत अशी होती की सूर्य आणि तारे साधारण पृथ्वीसारख्याच द्रव्याचे, म्हणजे लोह, सिलिकॉन वगैरेंचे असावेत. सूर्याच्या वर्णपटात लोहाच्या रेषा ढिगाने दिसत.

या समजुतीला धक्का देण्यात एका भारतीयाचा हात आहे. १९२० साली मेघनाद साहा यांनी एक समीकरण मांडले. किती तापमानाला आणि किती दाबाला एखाद्या मूलद्रव्याचे किती अणू आपले इलेक्ट्रॉन गमावतात, हे त्यावरून काढता येते. वर्णपटातली रेषा ठळक असली म्हणजे ते द्रव्य जास्त आहे असे नाही, रेषेचा ठळकपणा तापमानावरही अवलंबून असतो, हे त्यामुळे नेमके मोजता आले. सेसिलिया पेन या तरुण संशोधिकेने हार्वर्डमध्ये हेच समीकरण ताऱ्यांच्या वर्णपटांना लावले. १९२५च्या तिच्या प्रबंधात निष्कर्ष निघाला की ताऱ्यांत हायड्रोजन आणि हेलियम यांचेच राज्य आहे, बाकी सगळे नगण्य. हेन्री नॉरिस रसेल या त्या काळच्या अधिकारी शास्त्रज्ञाने हे अशक्य ठरवले, आणि हा आकडा बहुधा खरा नसावा असे तिला स्वतःच्याच प्रबंधात लिहावे लागले. चार वर्षांनी रसेल वेगळ्या मार्गाने त्याच निष्कर्षाला पोहोचले आणि तिचे बरोबर होते हे त्यांनी मान्य केले. आलेला आकडा बरोबर असताना वरिष्ठाच्या शब्दाखातर तो खोडावा लागणे काय असते, हे हिशेबाच्या धंद्यातल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

आज आकडे असे आहेत. महास्फोटानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत जे द्रव्य तयार झाले त्यात वजनाने सुमारे ७५ टक्के हायड्रोजन आणि २५ टक्के हेलियम होते, वर लिथियमचा अगदी किंचित अंश. कार्बन, ऑक्सिजन, लोह हे सगळे नंतर ताऱ्यांच्या पोटात आणि ताऱ्यांच्या स्फोटांत शिजले. सूर्यात या जड मूलद्रव्यांचा वाटा शंभरात दीड-दोन एवढाच. ताऱ्यांच्या मधल्या पोकळीत वायू आहे आणि त्यात मिसळलेली धूळ आहे. आपल्या आकाशगंगेत धुळीचे वजन वायूच्या साधारण शंभराव्या भागाएवढे.

वहीत न दिसणारी रक्कम

इथवर सरळ आहे. पण १९३३ साली फ्रिट्झ झ्विकी या शास्त्रज्ञाला हिशेबात मोठी तफावत सापडली. अरुंधती केश या तारकासमूहात दीर्घिकांचा एक मोठा समूह आहे. त्यातल्या दीर्घिका इतक्या वेगाने फिरत होत्या, की दिसणाऱ्या ताऱ्यांचे गुरुत्वाकर्षण त्यांना एकत्र धरून ठेवायला अजिबात पुरे पडत नव्हते. त्याने न दिसणारे द्रव्य असावे असे सुचवले. फारसे कोणी मनावर घेतले नाही.

१९७० साली व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी देवयानी दीर्घिकेतले फिरण्याचे वेग मोजून प्रसिद्ध केले. आपल्या सूर्यमालेत सूर्याजवळचा बुध सेकंदाला सुमारे ४७ किलोमीटर वेगाने फिरतो आणि लांबचा नेपच्यून साडेपाच किलोमीटरच्या आसपास. सगळे वजन मध्यभागी असले की असेच होणार. दीर्घिकेतही बहुतेक तारे मध्याकडे दाटलेले दिसतात, म्हणून कडेला वेग उतरायला हवा. तो उतरत नव्हता. पुढे रुबिन यांनी आणखी कितीतरी दीर्घिका मोजल्या. अल्बर्ट बोस्मा याने १९७८च्या प्रबंधात रेडिओ दुर्बिणीने ताऱ्यांच्याही पलीकडे पसरलेल्या हायड्रोजनचे वेग मोजले. सगळीकडे तेच. म्हणजे ताऱ्यांच्या पलीकडे, न दिसणारे, पण वजन असणारे काहीतरी पसरलेले आहे.

त्याला आपण कृष्णद्रव्य म्हणतो. ते प्रकाश देत नाही, अडवत नाही, शोषत नाही. ते कोणत्या कणांचे आहे ते कोणत्याही प्रयोगशाळेत अजून हाती लागलेले नाही. विश्वात ते साध्या द्रव्याच्या पाचपटीहून थोडे जास्त आहे. आपल्या आकाशगंगेपुरते बोलायचे तर सगळ्या ताऱ्यांचे मिळून वजन सूर्याच्या ५ ते ६ हजार कोटी पट आहे. (तारे संख्येने १० ते ४० हजार कोटी आहेत, पण बहुतेक सूर्याहून लहान.) कृष्णद्रव्य धरून एकूण वजन मात्र सूर्याच्या सुमारे एक लाख कोटी पट भरते. म्हणजे रात्री दिसतो तो पट्टा एका प्रचंड, न दिसणाऱ्या गोळ्याच्या तळाशी साचलेला आहे.

एक ढग नव्हे, अनेक ओघ

आता दीर्घिका बनते कशी? शाळेत मी सांगितलेली गोष्ट माझ्या मनची नव्हती. १९६२ साली ऑलिन एगन, डोनाल्ड लिंडेन-बेल आणि ॲलन सँडेज यांनी म्हाताऱ्या ताऱ्यांच्या कक्षा अभ्यासून साधारण तसेच चित्र उभे केले होते: एक ढग झपाट्याने कोसळला आणि आकाशगंगा झाली. १९७८ साली लिओनार्ड सर्ल आणि रॉबर्ट झिन यांनी आकाशगंगेच्या बाहेरच्या भागातल्या ताऱ्यांच्या गुच्छांवरून दाखवले, की तिथली भर लहान लहान तुकड्यांनी, बराच काळ पडत राहिली असावी. त्याच वर्षी सायमन व्हाइट आणि मार्टिन रीस यांनी कृष्णद्रव्याच्या गोळ्यांत वायू थंड होत उतरतो ही कल्पना मांडली. आजचे चित्र तिच्यावर उभे आहे.

ते थोडक्यात असे. महास्फोटानंतर ३ लाख ८० हजार वर्षांनी विश्व पारदर्शक झाले. त्या वेळचा प्रकाश आजही सूक्ष्मलहरींच्या रूपात सर्व दिशांनी येतो. तो जवळजवळ एकसारखा आहे. 'कोबी' या उपग्रहाने टिपलेले त्यातले फरक १९९२ साली जाहीर झाले. ते लाखात एक भाग इतके बारीक होते. त्या काळी जिथे द्रव्य किंचित दाट होते तिथे आणखी द्रव्य ओढले गेले. या कामात कृष्णद्रव्याने आघाडी घेतली, कारण प्रकाशाच्या दाबाचा त्याला उपद्रव नव्हता. त्याचे आधी लहान गोळे झाले, लहानांचे मोठे झाले, आणि मध्ये तंतूंचे जाळे विणले गेले. तंतू जिथे एकमेकांना मिळतात तिथे दीर्घिकांच्या दाट वस्त्या आहेत. अशीच एक महावस्ती पुण्यातल्या आयुका आणि आयसर या संस्थांतल्या संशोधकांनी २०१७ साली जाहीर केली. मीन राशीच्या दिशेला सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षांवरची. तिला त्यांनी 'सरस्वती' असे नाव दिले.

साधा वायू कृष्णद्रव्याच्या या खळग्यांत उतरू लागला. उतरताना तो आपटतो आणि तापतो. पण साध्या वायूला एक सोय आहे. तो उष्णता प्रकाशाच्या रूपाने बाहेर टाकून थंड होऊ शकतो, आणि थंड झाला की आणखी खाली बसतो. कृष्णद्रव्याला ही सोय नाही, म्हणून ते विरळ पसरूनच राहते. उतरणाऱ्या वायूत थोडी गिरकी असते. गिरकी घेताना हात आखडले की वेग वाढतो, तसा आकसणारा वायू जोरात फिरू लागतो आणि त्याची चकती होते. आपल्या आकाशगंगेची चकती सुमारे एक लाख प्रकाशवर्षे रुंद आहे. सूर्य तिच्या मध्यापासून साधारण २६ हजार प्रकाशवर्षांवर राहतो आणि एका फेरीला वीस-पंचवीस कोटी वर्षे घेतो.

शिवाय दीर्घिका दीर्घिकांना गिळतात. १९९४ साली धनू राशीच्या दिशेला एक छोटी दीर्घिका सापडली. आपली आकाशगंगा तिला आत्ता, आपल्या डोळ्यांदेखत, विस्कटून पोटात घेते आहे. 'गाया' या उपग्रहाच्या मोजमापांवरून २०१८ साली कळले, की सुमारे हजार कोटी वर्षांपूर्वी आणखी एक बरीच मोठी दीर्घिका आपल्यात विलीन झाली. तिचे तारे अजून उलट्यासुलट्या लांबट कक्षांत फिरताना ओळखू येतात.

खर्चाची बाजू

दिवाळीत रात्री उशिरा पूर्वेला मृग नक्षत्र उगवते. त्याच्या पोटात रुतलेल्या तीन ताऱ्यांच्या बाणाजवळ एक धूसर ठिपका नुसत्या डोळ्यांनीही दिसतो. सुमारे तेराशे प्रकाशवर्षे दूर असलेल्या त्या तेजोमेघात या क्षणी तारे बनत आहेत. तारा होण्यासाठी वायू फार थंड लागतो, निरपेक्ष शून्याच्या वर दहा-वीस अंश. अशा थंड ढगाचाही थोडाच भाग तारे होतो. जन्मलेले मोठे तारे आपल्या प्रखर प्रकाशाने, वाऱ्याने आणि शेवटी स्फोटाने उरलेला ढग उधळून लावतात.

त्या स्फोटांतून आणि म्हाताऱ्या ताऱ्यांच्या झडणाऱ्या थरांतून काही वायू परत जमा होतो. ताऱ्यांच्या एका पिढीत जेवढे द्रव्य गुंतते त्याचा साधारण एक तृतीयांश भाग असा माघारी येतो, आणि येताना कार्बन, ऑक्सिजन, लोह घेऊन येतो. सूर्य जन्मला साडेचारशे कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे आकाशगंगा बरीच जुनी झाल्यावर. आपल्या रक्तातले लोह आणि हाडांतला कॅल्शियम या परतफेडीतून आलेला आहे.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. आकाशगंगेच्या चकतीत आज ढोबळ मानाने हजार कोटी सूर्यांएवढा वायू आहे. तारे बनण्याचा वेग वर्षाला एक ते दोन सूर्य. वर्षाला दोन धरले तर भागाकार सोपा आहे: पाचशे कोटी वर्षांत वायू संपला. परतफेड धरून थोडा जास्त टिकेल. पण आकाशगंगेत तारे बनताहेत ते हजार कोटींहून अधिक वर्षे, आणि पूर्वी हा वेग आजच्याहून जास्त होता. म्हणजे खर्च सुरू झाला त्या दिवशीच सगळा माल गोदामात होता, हे माझे शाळेतले गृहीतच चूक. बाहेरून माल येत राहिला असला पाहिजे. त्याच्या खुणाही दिसतात. १९६३ साली डच खगोलशास्त्रज्ञांनी चकतीबाहेर, वेगळ्याच वेगाने आपल्याकडे येणारे हायड्रोजनचे ढग प्रसिद्ध केले. त्यांतल्या काहींमध्ये जड मूलद्रव्ये सूर्याच्या मानाने फारच कमी आहेत. म्हणजे तो बराचसा कोरा माल आहे, आपल्याकडे शिजून परत आलेला नव्हे.

खोडदची मोजणी

आपल्या एका दीर्घिकेवरून सगळ्यांचा हिशेब मांडता येत नाही. विश्वात तारे बनण्याचा वेग सुमारे हजार कोटी वर्षांपूर्वी सर्वांत जास्त होता, आणि तेव्हापासून तो घसरत आज साधारण एक दशांशावर आला आहे, हे दृश्य प्रकाशाच्या आणि अवरक्त दुर्बिणींनी बऱ्याच वर्षांपूर्वी दाखवले होते. पण का घसरला? ते सांगायला त्या काळच्या दीर्घिकांत कच्चा माल किती होता हे कळायला हवे, आणि तो दिसत नव्हता.

कच्चा माल म्हणजे थंड हायड्रोजन. हायड्रोजनच्या अणूत प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांच्या फिरकीच्या दिशा एकमेकींच्या संदर्भात बदलतात तेव्हा २१ सेंटिमीटर लांबीची रेडिओ लहर निघते. एका अणूच्या वाट्याला हा प्रसंग सुमारे एक कोटी वर्षांतून एकदा येतो. पण अणूच इतके, की लहर सतत मिळते. १९४४ साली, जर्मनांच्या ताब्यातल्या नेदरलँड्समध्ये हेंड्रिक व्हान डे हुल्स्ट यांनी ती कागदावर वर्तवली आणि १९५१च्या मार्चमध्ये हार्वर्डला युअन व पर्सेल यांनी प्रत्यक्ष पकडली. अडचण ही की लहर फार क्षीण असते. शेकडो कोटी प्रकाशवर्षांवरच्या एकेका दीर्घिकेची ती ऐकू येत नाही.

खोडदची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, म्हणजेच जीएमआरटी, बांधली गेली त्यामागे दूरच्या हायड्रोजनचा शोध हे एक मुख्य उद्दिष्ट होते. गोविंद स्वरूप यांची ही कल्पना. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत. भरीव पत्र्याऐवजी तारांवर ताणलेली पोलादी जाळी. वारा जाळीतून निघून जातो, त्यामुळे सांगाडा हलका ठेवता आला आणि खर्च आटोक्यात राहिला. आमच्या भागातल्या लोकांना या तबकड्या आता डोंगरांइतक्याच सवयीच्या झाल्या आहेत. दर फेब्रुवारीत विज्ञान दिनाला दुर्बीण बघायला गर्दी होते, शाळांची मुले आपापले प्रयोग मांडतात. मीही जातो.

२०२०च्या ऑक्टोबरात 'नेचर'मध्ये या दुर्बिणीवरचे एक काम प्रसिद्ध झाले. करणारे होते पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राचे आदित्य चौधुरी, निस्सीम कानेकर, जयराम चेंगलूर आणि बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेचे शिव सेठी व के. एस. द्वारकानाथ. त्यांची युक्ती कोणाही हिशेबनिसाला पटेल अशी आहे. एकेका दीर्घिकेची लहर ऐकू येत नसेल तर हजारोंची बेरीज करायची. हवाई बेटांवरच्या केक दुर्बिणीने हजारो दीर्घिकांची अंतरे आधीच काढून ठेवली होती. त्यांतल्या ७,६५३ दीर्घिकांच्या जागी जीएमआरटीने आलेले संकेत, प्रत्येकाचे अंतर लक्षात घेऊन, एकावर एक रचले. गोंगाट एकमेकांना छेदून कमी झाला, हायड्रोजनची लहर साठत गेली आणि वर आली. सरासरी आठशे कोटी वर्षांपूर्वीची ही लहर. निघताना २१ सेंटिमीटरची होती, विश्वाच्या प्रसरणाने ताणली जाऊन खोडदला पोहोचली तेव्हा सुमारे ४२ सेंटिमीटरची झाली होती.

निष्कर्ष असा. त्या दीर्घिकांत ताऱ्यांच्या वजनाएवढा किंवा त्याहून अधिक हायड्रोजन होता. पण तारे बनण्याचा वेग असा होता, की नवी आवक थांबली तर तो शंभर ते दोनशे कोटी वर्षांत संपून जावा. पुढच्या वर्षी याच दुर्बिणीने आणखी मागे, नऊशे कोटी वर्षांपर्यंत पाहिले. तिथे हायड्रोजनचे वजन ताऱ्यांच्या दुपटीहून अधिक निघाले. म्हणजे आधी कोठार भरलेले होते, खर्च अफाट होता, आणि मग बाहेरून येणारा वायू त्या खर्चाला पुरेनासा झाला. तारे बनणे मंदावले ते यामुळे असावे, असे या मोजणीतून दिसते. गोविंद स्वरूप २०२०च्याच ७ सप्टेंबरला गेले. हा निबंध त्यानंतर पाच आठवड्यांनी आला.

भरल्या कोठारातला उपास

मग विश्वातला वायू संपत आला आहे का? इथे मला सर्वांत मोठे आश्चर्य वाटले. नाही. विश्वातल्या साध्या द्रव्यापैकी एक दशांशही अजून ताऱ्यांत गेलेले नाही. बाकीचे बहुतेक दीर्घिकांच्या भोवती आणि त्यांच्यामधल्या जाळ्यात, विरळ आणि तापलेल्या वायूच्या रूपात, तसेच पडून आहे. कन्या राशीच्या दिशेला एम-८७ नावाची अवाढव्य दीर्घिका आहे. २०१९ साली जिच्या कृष्णविवराचे छायाचित्र जगभर छापून आले, तीच. तिच्याभोवती तप्त वायूचा प्रचंड साठा आहे. तरी तिच्यात नवे तारे जवळजवळ बनत नाहीत. मध्यातले, सूर्याच्या साडेसहाशे कोटी पट वजनाचे ते कृष्णविवर असे झोत फेकत राहते, की वायूला निवून खाली बसायला उसंतच मिळत नाही. लहान दीर्घिकांत हेच काम ताऱ्यांचे स्फोट करतात, वायू बाहेर ढकलून.

आमच्या बाजारातही असे होते. शिवारात माल उभा असतो, पण रस्ता बंद असतो किंवा तोडणीला माणूस मिळत नाही, आणि गाळ्यावर शुकशुकाट. तेजी-मंदी शिवारातल्या मालावर ठरत नाही, त्या दिवशीच्या आवकेवर ठरते. दीर्घिकेचेही तसेच आहे. वायू नुसता असून भागत नाही. तो तिच्यापर्यंत यावा लागतो, थंड व्हावा लागतो आणि खाली बसावा लागतो. हे सगळे जोवर चालू आहे तोवर ती जिवंत आहे. आवक थांबली की उरलेला वायू काही काळ पुरतो, मग निळे, तेजस्वी, अल्पायुषी तारे आधी विझतात आणि तांबूस, मंद, दीर्घायुषी तारे तेवढे मागे राहतात. असल्या लंबगोल, तांबूस दीर्घिका आकाशात पुष्कळ आहेत.

म्हणून मला दीर्घिका हा शब्द आता फार आवडतो. तळे म्हणजे नुसते साठलेले पाणी नव्हे. त्याला ओढ्याने पाणी येते, उन्हाने जाते, झऱ्याने थोडे परत मिळते. ओढा दुसरीकडे वळला तर भर पावसाळ्यातही तळे आटते.

ती मुलगी आता कॉलेजातूनही बाहेर पडली असेल. तिचे नावही मी विचारले नव्हते. पण त्या शाळेने पुन्हा बोलावले तर एका ढगाची गोष्ट मी सांगणार नाही. सांगेन की बाई, आपल्या आकाशगंगेत हजार कोटी सूर्यांपुरता वायू शिल्लक आहे, वर्षाला एक-दोन सूर्य खर्ची पडतात, थोडे परत येते, थोडे बाहेरून येते. आणि पुढे किती दिवस भागेल ते शिल्लक पाहून कळत नाही, आवक पाहून कळते. ती आवक मोजण्याचे काम तुझ्या शाळेपासून काही किलोमीटरवर चालू आहे.

यंदाही पेढीवर लाल वही येईल. तिच्या शेवटच्या कोऱ्या पानावर मी हे चार आकडे लिहून ठेवणार आहे.